गुंजेचे वजन

रायपूरच्या सदर बाजारातील सराफांच्या पेढ्यांवरून जाताना आम्हांला हटकून गुंजेची आठवण होते. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे कोष्टक आपल्या वडीलधाऱ्यांनी शाळेत घोकले होते. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि गुंज तराजूतून उतरली. रानात व कुंपणांवर मात्र तिचा वेल अजून चढतो. शेंग तडकली की तांबडा दाणा आणि त्यावरचा काळा डोळा दिसू लागतो.

या दाण्यात ॲब्रिन नावाचे जहाल विष असते. कवच अभंग असेल तर गिळलेला दाणा बहुधा अपाय न करता बाहेर पडतो. तोच कुटला की प्राणघातक होतो. इंग्रजी अमदानीत कातड्याच्या लोभाने गुरे मारणारे लोक गुंजांची पूड मळून तिच्या टोकदार सुया वाळवीत व त्या जनावराच्या कातडीखाली खुपशीत, अशी नोंद त्या काळच्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत आहे. जो दाणा सोन्याचा न्याय करी, तोच मुक्या जनावराचा प्राण घेई.

मग दोष कोणाचा? दाणा निर्दोष, हात दोषी, हे उत्तर चटकन सुचते. आम्हांला ते अपुरे वाटते, कारण आमचा स्वतःचा हातही कधी तरी तराजू धरीत होता.

नोकरीच्या प्रारंभी एका म्हातारीचा अर्ज आमच्यापुढे आला. वीज पडून तिचा बैल मेला होता, पण पशुवैद्याचा दाखला जोडलेला नव्हता. आम्ही अर्ज नियमानुसार परत केला. नियम वाईट नव्हता. खोटे दावे अडविण्यासाठीच तो होता. तिचा दावा खोटा आहे, असे मात्र आम्हांलाही वाटले नव्हते. दवाखाना तिच्या गावापासून किती दूर आहे, हेही आम्ही विचारले नाही. ती पुन्हा आली नाही.

नियमाचे कवच म्हणजे त्याचा हेतू. तो फोडून नुसती अक्षरे हाती घेतली, की आतले विष मोकळे होते. गुंजेला आपल्यातले विष ठाऊक नसते. माप हाती धरणाऱ्याला ते ठाऊक असले पाहिजे. वजन खरे आहे, एवढ्याने त्याची सुटका होत नाही. आपण परमुलखात बसलेलो, समोरच्याची बोली अर्धीच कळणारी. अशा वेळी तर नाहीच नाही.