मामा, बाटली बाजूला ठेवा, तपासणी करून घ्या

ती. मामांस,


गोळ्यांच्या बाटलीचा फोटो मिळाला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात तीन नावं आहेत : सोया आयसोफ्लेव्होन, बीटा-सिटोस्टेरॉल आणि सॉ पाल्मेटो. रात्री चार-चारदा उठावं लागतं, धार सुरू व्हायला वेळ लागतो, हे तुम्ही मामींनाही सांगितलं नाहीत. सांगितलंत ते दुकानदाराला. याचं मला वाईट वाटलं. मी भाची असले तरी डॉक्टर आहे, माझ्यापाशी कसला संकोच?

हा त्रास बहुधा प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीचा. आधी सोयाबीनचं. तुमच्या शेतातल्या या दाण्यात जेनिस्टीन, डेडझीन अशी द्रव्यं असतात. त्यांची घडण इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी मिळतीजुळती असल्यामुळे शरीरात ती त्याच्या जागी जाऊन बसतात, पण त्यांचा जोर फार कमी. अशा जागा दोन प्रकारच्या, अल्फा आणि बीटा. जेनिस्टीन बीटाला अधिक चिकटतं, आणि बीटाकडून प्रोस्टेटच्या पेशींची वाढ आवरली जाते असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. सोयाच्या गोळ्या विकणाऱ्यांची सगळी भिस्त एवढ्यावरच आहे.

पण प्रोस्टेटच्या वाढीचं मूळ वेगळ्याच ठिकाणी आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसायची आणि वयात येताना पुरुष व्हायची. 1974 मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास छापून आला. टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करणारं विकर त्यांच्यात कमी होतं, आणि मोठेपणीही त्यांचं प्रोस्टेट लहानच राहत होतं. तेच विकर अडवणारं फिनास्टेराइड 1992 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. गाठ खरोखर लहान करतात ती या जातीची औषधं, आणि तीही सहा महिने-वर्ष घेतल्यावर.

आता तुमच्या बाटलीकडे येते. सॉ पाल्मेटो हे अमेरिकेच्या आग्नेय भागातलं खुजं ताडाचं झुडूप; त्याच्या फळांचा अर्क विकतात. तिथे 225 पुरुषांना वर्षभर तो अर्क किंवा हुबेहूब दिसणारी खोटी गोळी दिली. 2006 मध्ये निकाल आला : दोहोंत फरक नाही. 2011 मध्ये 369 जणांवर तिप्पट मात्रेपर्यंत जाऊन पाहिलं, तरी तेच. बीटा-सिटोस्टेरॉलने काही चाचण्यांत धार थोडी सुधारली, गाठ मात्र तेवढीच राहिली. अशा चाचण्यांत खोटी गोळी घेणाऱ्यांनाही बरं वाटतं, कारण हा त्रास आपोआप कमी-जास्त होत असतो. तुमच्या ज्या मित्राला अशा गोळ्यांनी गुण आला, तोही खोटं सांगत नाही. पण त्या बरं वाटण्याच्या भरात मूत्राशयात साचणारी लघवी कुणी मोजत नाही, आणि माझी खरी काळजी तीच आहे.

सोयाने पुरुषत्व जातं, असं शेजाऱ्यांनी घातलेलं भय मात्र मनातून काढून टाका. 1940 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर, म्हणजे आपल्या बरसीमच्या कुळातला चारा, चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहिनाशा झाल्या होत्या, आणि दोष वनस्पतीतल्या अशाच द्रव्याचा निघाला, हे खरं. पण त्या मेंढ्या रात्रंदिवस तोच चारा खात होत्या. माणसांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सोयाने टेस्टोस्टेरॉन घटल्याचं आढळलं नाही. दळणात दहा किलो गव्हाला एक किलो सोयाबीन घालता ते खुशाल घाला. सोयाबीनच्या तेलात ही द्रव्यं जवळजवळ उतरतच नाहीत, तेव्हा तेलाचा विचारच नको. जवसातही लिग्नान नावाची याच गोतातली द्रव्यं आहेत. मामींच्या हातची जवसाची चटणी रोज खा. जवस भाजून कुटलेला हवा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. मामींची थायरॉइडची गोळी आणि सोयाचं खाणं यांत मात्र काही तासांचं अंतर ठेवायला सांगा.

आता माझं ऐका. तीन दिवस वहीत लिहा : किती वाजता लघवीला गेलात, मापाच्या भांड्यात किती भरली, झोपण्याआधी काय प्यालात. मग सोनोग्राफी, आणि तीत लघवी करून आल्यावर आत किती उरते ते मुद्दाम मोजायला सांगा. लघवीची तपासणी, क्रिएटिनिन, पीएसए आणि साखर. रात्रीच्या उठण्यामागे मधुमेहही असू शकतो. डॉक्टर बोटाने तपासतील, लाजू नका. प्रोस्टेटची ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, पण दोन्ही एकाच माणसात असू शकतात. फिनास्टेराइड सुरू झालं तर पीएसए साधारण निम्म्यावर येतो, म्हणून पहिला आकडा औषधाआधीचा हवा. टॅम्सुलोसिन ही गोळी दिली तर अंथरुणातून झटकन उठू नका, चक्कर येते. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय ना? डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीचं नाव आधीच सांगा. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळ ढिलं पडतं.

सर्दी झाली तर दुकानातून परस्पर गोळी आणू नका. नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी लघवी एकाएकी तुंबते आणि रात्री-बेरात्री नळी घालायला धावावं लागतं. लघवीत रक्त दिसलं, ताप आला किंवा धार पूर्ण थांबली, तर माझ्या फोनची वाट न पाहता दवाखाना गाठा.

पुढच्या आठवड्यात लातूरला तुमची वेळ घेऊन ठेवते. वही आणि ती बाटली, दोन्ही बरोबर आणा.

तुमची भाची,
सुमन