निर्मळ नमुना

विरार स्थानकाच्या पूर्वेस, मनवेलपाड्यात, आम्ही राहतो त्या इमारतीच्या तळमजल्यावर रक्ताचे नमुने घेण्याची एक लहानशी खोली असून तेथून ते मुंबईच्या प्रयोगशाळेकडे रवाना होतात. गेल्या कार्तिकात आमचे शेजारी, एक निवृत्त कारकून, तेथे सेरोटोनिनच्या मोजणीसाठी गेले. चेहरा वारंवार तांबडाबुंद होणे व पोट बिघडणे या तक्रारींवरून डॉक्टरांना आतड्यातील, सेरोटोनिन स्रवणाऱ्या कार्सिनॉइड गाठीचा संशय आला होता. खोलीतल्या मुलीने पथ्य सांगितले, "काका, तीन दिवस केळं, अक्रोड, अननस, टोमॅटो काही खायचं नाही." वसई तालुक्यातल्या निर्मळ गावची जत्रा नुकतीच होऊन गेलेली, घरात राजेळी केळ्यांच्या सुकेळ्यांचा पुडा बांधलेला, काका हबकून म्हणाले, "वसईत राहून केळं नको म्हणजे काय गं?" या पदार्थांत सेरोटोनिन मुळातच असते, आणि त्यांच्या सेवनाने मोजणी, विशेषतः लघवीतील त्याच्या अवशेषाची, फसू शकते, हे त्या मुलीने समजावून सांगितले खरे, परंतु त्या पथ्यामागे दडलेला प्रश्न, नमुन्यात जे सापडते ते खरोखर शरीराचेच असते का, हा मला मात्र पुढे कित्येक दिवस सोडीना.

१९४८ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज या तिघा संशोधकांनी सेरोटोनिन हे द्रव्य रक्ताच्या सीरममधून वेगळे केले, आणि सीरम व रक्तवाहिन्या आकुंचित करण्याचा त्याचा गुण या दोहोंवरून त्याचे नामकरण केले. परंतु सीरम म्हणजे रक्त गोठल्यानंतर उरणारे पाणी. आणि वाहत्या रक्तातले जवळजवळ सारे सेरोटोनिन बिंबाणूंच्या, म्हणजे प्लेटलेटांच्या, पोटी बंदिस्त असते. ते बिंबाणू स्वतः ते निर्माण करीत नाहीत. आतड्यात तयार झालेले शोषून कोठारासारखे साठवतात, आणि रक्त गोठू लागले की ते कोठार रिते करतात. म्हणजे ज्या सीरमवरून या द्रव्याला नाव मिळाले, त्यातील त्याची विपुलता ही नळीत घडलेल्या गोठण्याची निष्पत्ती होती. शरीरात खेळणाऱ्या रक्तद्रवात ते मोकळेपणी जवळजवळ नसतेच.

म्हणून नमुना घेणाऱ्यास आधी स्वतःशी ठरवावे लागते की आपल्याला नेमके काय विचारायचे आहे. साठा किती हे विचारायचे असेल, तर रक्त पूर्ण गोठू देऊन सीरम घ्यावे, अथवा गोठणरोधक द्रव्याच्या नळीत सबंध रक्त घ्यावे. मोकळे सेरोटोनिन किती हे विचारायचे असेल, तर दंडावरचा पट्टा करकचून न आवळता, नळी न हिंदकळता, विलंब न लावता, बिंबाणू एकूणएक खाली बसतील अशा बेताने रक्त फिरवून वरचा द्रव हलक्या हाताने काढावा. आणि कोणताही नमुना असो, ऑक्सिजनने हे द्रव्य लवकर नासते म्हणून प्रयोगशाळेच्या हुकुमाप्रमाणे त्यात एस्कॉर्बिक आम्ल घालण्याची वा तो गोठवून पाठविण्याची तजवीज करावी. हाताच्या एका धसमुसळेपणाने बिंबाणू फुटले, तर नळीत उतरते ती त्या हाताची करणी, आणि कागदावर मात्र तिची नोंद रुग्णाच्या नावे होते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने धाक अथवा आमिष दाखवून घेतलेला कबुलीजबाब अग्राह्य ठरविला, तो आरोपीवरील दयेपोटी तर खराच, पण अशा जबानीतून सत्यापेक्षा जबानी घेणाराच अधिक बोलतो, या जाणिवेपोटीही असावा. घाईने घेतलेला नमुना ही अशीच एक जबानी होय.

नमुन्याआधीच्या या तयारीवरून मला निर्मळच्या टेकडीवरील एका शंकराचार्यांच्या समाधिमंदिराची, आणि त्या परंपरेच्या मूळपुरुषाची, आठवण होते. आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या आरंभीच्या 'अथ' या एकाच शब्दावर भाष्य करताना त्याचा अर्थ 'त्यानंतर' असा केला. आणि ब्रह्मजिज्ञासा कशानंतर, तर विवेक, वैराग्य, शमदमादी संपत्ती व मुमुक्षुत्व ही चार साधने अंगी बाणल्यानंतर. पूर्वी मला ही अट अधिकाराच्या उंबरठ्यावरील चौकीदारीसारखी वाटे. आता वाटते की ती बक्षिसाची पात्रता ठरविणारी अट नसून नमुना घेण्याची रीत आहे: क्षुब्ध चित्ताने स्वतःकडे पाहणाऱ्यास जे दिसते, ते त्या क्षोभानेच बाहेर सांडलेले असते, आणि तो त्यालाच आपले स्वरूप समजून बसतो. मात्र दोहोंत एक भेद आहे, आणि तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रयोगशाळेत हात एकाचा व रक्त दुसऱ्याचे असते. आत्मपरीक्षणात सुई धरणारा आणि टोचून घेणारा एकच, म्हणून तेथे पथ्य तीन दिवसांत सुटत नाही.

काकांचा अहवाल आला. आकडा नेहमीच्या मर्यादेत होता. वर्तमानपत्रात या द्रव्याला 'सुखाचे रसायन' म्हटलेले त्यांनी वाचले होते, म्हणून त्यांनी विचारले, "म्हणजे मी सुखी आहे, असंच ना?" मी सांगितले की रक्तातले सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही, मेंदू स्वतःपुरते स्वतःच निर्माण करतो, आणि या कागदाला त्याचा पत्ताही नाही. "मग कागद खोटा?" "खोटा कसा? गाठीविषयी विचारलं होतं, तेवढंच त्यानं सांगितलं." काकांनी कागदाची घडी घालून ती फडताळात ठेवली, सुकेळ्यांचा पुडा सोडला, आणि पहिले सुकेळे खालच्या मजल्यावर त्या मुलीला नेऊन दिले.