दिलेला शब्द

यश आलं की माणसाभोवती गर्दी जमते. पण मित्राची पारख होते ती कामाच्या वाटणीत. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत देव आनंद आणि गुरुदत्त यांची गट्टी जमली, तेव्हा दोघंही उमेदवारच होते. मी निर्माता झालो तर दिग्दर्शक तू, तू चित्रपट काढलास तर नायक मी, हा त्यांचा करार. देव आधी पुढे गेला आणि १९५१ साली आपल्या नवकेतन या चित्रसंस्थेचा ‘बाजी’ त्यानं गुरुदत्तच्या हाती सोपवला. हा वशिलाच की, असं कुणी म्हणेल. पण वशिला लायकी पाहत नाही. गुरुदत्त मात्र तोवर अमिय चक्रवर्ती, ज्ञान मुखर्जी या दिग्दर्शकांच्या हाताखाली तयार झाला होता. ‘बाजी’ चालला. पुढे १९५६ मध्ये गुरुदत्तनं ‘सी.आय.डी.’ काढला, तेव्हा नायक देवच होता.