रेखीवपणा आणि सत्य

छायाचित्र रेखीव दिसावें ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु तो रेखीवपणा त्यांत केव्हां व किती भरावा, हा प्रश्न तंत्राइतकाच नीतीचाहि आहे.

कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांना १९७६ सालीं ज्या रंगगाळणीचें पेटंट मिळालें, तीच आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत आढळते. तिच्या योगानें प्रकाश टिपणाऱ्या प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा वा निळा असा एकच रंग दिसतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून अनुमानानें भरावे लागतात. त्यामुळें ‘रॉ’ फाइलींतील चित्राच्या कडा कांहींशा मऊ पडतात. त्यांना बेताची धार देणें म्हणजे यंत्रानें हिरावलेलें परत करणें होय, असें म्हणतां येईल.

तथापि या धारेनें नवा तपशील मुळींच निर्माण होत नाहीं. कडेची काळी बाजू अधिक काळी व उजळ बाजू अधिक उजळ केली जाते, आणि डोळा त्या भेदालाच स्पष्टता समजतो. प्रमाण सुटलें कीं कडेभोंवतीं पांढरी प्रभावळ उमटते, आणि म्हाताऱ्या चेहऱ्यावरील सुरकुती ओरखड्यासारखी दिसूं लागते.

या विषयाचे जाणकार लेखक ब्रूस फ्रेझर यांनीं म्हणूनच हें काम तीन टप्प्यांत वांटलें. आरंभीं कॅमेऱ्याचा मऊपणा घालविण्यापुरती धार द्यावी. तीहि चित्रांतील दाणेदारपणा आवरून, नाहीं तर तोच धारदार होतो. मध्यंतरीं डोळ्यांसारख्या एखाद्या भागास उठाव द्यावा. शेवटीं, चित्राचा आकार कायम झाल्यावर, कागद वा पडदा यांच्या गरजेनुसार धार द्यावी. पहिला व तिसरा टप्पा साधनांचें उणें भरून काढतो. मधल्या टप्प्यांत मात्र आपली आवड शिरते, आणि खरा धोका तेथेंच आहे.

२०१५ सालीं रॉयटर्स वृत्तसंस्थेनें आपल्या स्वतंत्र छायाचित्रकारांना, रॉ फाइलींवरून तयार केलेलीं चित्रें न पाठवितां कॅमेऱ्यानेंच बनविलेलीं जेपेग पाठवावीं, असें कळविलें. त्यांत वेळेची निकड होती, तशीच सचोटीची काळजीहि होती. पण जेपेग बनवितांना कॅमेराहि सामान्यतः स्वतःच धार देत असतो! मग संस्कारहीन चित्र उरलें कोठें? फरक इतकाच कीं, समोरचा चेहरा मित्राचा कीं शत्रूचा, हें यंत्राला ठाऊक नसतें. त्याच्या या निःपक्षपातावरच त्या नियमाची सारी भिस्त आहे.

ही निःपक्षपाती वृत्ति माणसानें स्वतः अंगीं बाणवली तर? रॉ फाइलीवर काम करतांना मूळ नोंद अबाधित राहते; केलेले फेरफार वेगळे नोंदले जातात. तेव्हां आपली कसोटी सोपी आहे: मूळ व संस्कारित चित्र शेजारीं ठेवून पाहणाऱ्यास दाखविण्याची आपली तयारी आहे काय? ती असेल, तर धार खुशाल द्यावी. मन कचरत असेल, तर हात तेथेंच आवरावा.