गारगोटी वाहते तेव्हा (गीता ६.२५)



काल आईला घेऊन हरिहरेश्वरला होतो. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव, असं रीतीप्रमाणे दर्शन झालं. ओहोटी होती म्हणून प्रदक्षिणेला निघालो. कातळाच्या फटीतून पायऱ्या समुद्राकडे उतरतात, तिथे आई प्रत्येक पायरीवर थांबत होती. गुडघे दुखतात तिचे. मी चार लोकांसमोर खेकसलो, "अगं चल लवकर, भरती येईल!" ती काहीच बोलली नाही. दोन वर्षं रोज गीता वाचतोय, आणि हे असं.

खाली खडकावर बसल्यावर आजचा श्लोक आठवला. भगवंत म्हणतात, धैर्याने धरलेल्या बुद्धीने मनाला हळूहळू शांत करावं. मूळ श्लोकात 'हळू' दोनदा आलंय. मी ते वाचून नेहमी पुढे पळालोय.

समोरचा काळा कातळ वाहिल्यासारखा दिसतो. तो वाहिलाच होता, पण लाव्हा म्हणून, वितळून, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. (त्यावरची जाळी नंतरची, खाऱ्या पाण्याने कोरलेली.) मला मात्र गारगोटी आठवली. ती न वितळता वाहते.

दक्षिणेला मालवणकडे क्वार्ट्झाइट सापडतो, तो जवळजवळ सगळा गारगोटीच्याच कणांचा. हातोडी मारली तर फुटेल, वाकणार नाही. पण जमिनीखाली दहा-पंधरा किलोमीटरवर, ३०० अंशांच्या आसपास, तीच गारगोटी घन असतानाच वाकायला लागते. वितळायला तर १६०० अंशांच्या वर तापमान लागतं! होतं काय, की स्फटिकातले सगळे बंध एकदम तुटत नाहीत. एक ओळ सुटते, शेजारी जुळते, मग पुढची. भजनाची मोठी सतरंजी सरकवताना आपण एक सुरकुती करून ती पुढे ढकलत नेतो ना, तसं.

आणि एक गंमत. १९६५ मध्ये ग्रिग्ज आणि ब्लासिक या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की स्फटिकात किंचित पाणी असेल तर गारगोटी कितीतरी सहज वाकते. नुसती उष्णता, नुसता दाब पुरत नाही. आत थोडा ओलावा हवा. उलट त्याच खडकाला घाईने रेटलं, तर तो वाहायचा सोडून तुटतो.

माझ्या साधनेत दाब भरपूर आहे. पहाटेचा अलार्म, जपाची मोजणी, चुकलेल्या दिवसाचा राग. ओलावा कुठाय? खरं सांगायचं तर मी स्वतःवरही तसाच खेकसतो, जसा काल आईवर. धैर्य म्हणजे दात-ओठ खाऊन टिकून राहणं, असं मी धरून चाललो होतो. (दगडाला मन नसतं, हे मलाही कळतं. उपमा फार ताणत नाही.)

परत वर चढताना मी आईच्या मागे राहिलो. ती थांबली की थांबायचं. अर्ध्या वाटेत म्हणाली, "अरे, तू पण दमलास की!" मी माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, आधी पाणी दे.

उद्या श्लोक २६.