यादीत नसलेले यंत्र

१९९९ साली जगभरच्या कार्यालयांत संगणकांवर एक छोटा स्टिकर दिसू लागला: ‘वायटूके कम्प्लायंट’. हे यंत्र १ जानेवारी २००० ला तोंड द्यायला तयार आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण हे कोणी ठरवले, कशावरून ठरवले, आणि हे यंत्र ज्या दुसऱ्या यंत्राकडून माहिती घेते त्याचे काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या स्टिकरवर नव्हते. यंत्राची जी गत, तीच कंपन्यांची, सरकारी खात्यांची आणि देशांची. आज पंचवीस वर्षांनी वायटूकेचा विषय निघाला की चर्चा एकाच वळणावर जाते: तो धोका खरा होता की बागुलबुवा? मला दुसरा प्रश्न अधिक उपयोगी वाटतो. त्या दोन-तीन वर्षांत जगाने आपल्या तयारीचे जे मोजमाप केले, त्यात मोजले काय गेले? माझे म्हणणे असे की, केलेले काम मोजले गेले आणि अवलंबित्व मोजायचे राहून गेले. म्हणूनच अंदाज ठिकठिकाणी चुकले, आणि तीच चूक आपण आजही करत आहोत.

दुखणे साधे होते. ऐंशी रकान्यांच्या पंच कार्डावर एकेक रकाना मोलाचा, पुढे संगणकाची मेमरीही महाग, म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहायची पद्धत पडली. साठच्या दशकात कोबोलमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम शतकाच्या अखेरीपर्यंत चालेल, असे लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते. ९९ नंतर ०० आले की वजाबाकी उलटते. १९९८ मध्ये ठेवलेली आणि २००१ मध्ये मुदत संपणारी ठेव तीन वर्षांची न राहता उणे सत्त्याण्णव वर्षांची होऊन बसते. दुरुस्ती अवघड नव्हती: एक तर वर्षाला चार आकड्यांची जागा करून द्यायची, नाही तर अमुक आकड्याच्या खालची वर्षे नव्या शतकातली समज, असे प्रोग्रॅमला सांगायचे. अवघड होते ते शोधणे. लाखो ओळींच्या बाडात तारीख कुठेकुठे दडली आहे, हे लिहिणारा निवृत्त झाल्यावर सांगणार कोण? कॅनडातले सल्लागार पीटर डी येगर यांनी १९९३ मध्ये ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’मध्ये लेख लिहून इशारा दिला, पण बहुतेक ठिकाणी हालचाल सुरू व्हायला आणखी तीन-चार वर्षे गेली.

हे शोधकाम कुठवर आले ते मोजायला प्रत्येकाने आपापली पट्टी काढली. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातले स्टीफन हॉर्न पूर्वाश्रमीचे प्राध्यापक. त्यांनी केंद्रीय खात्यांना शाळेतल्यासारखी ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये ‘ॲक्शन २०००’ या सरकारी संस्थेने रंग वापरले: मोठ्या व्यत्ययाचा धोका उरला नाही असे क्षेत्र निळे, आणि धोका असेल ते तांबडे. गार्टनर या सल्लागार कंपनीने तर देशांचेच गट पाडले. पट्ट्या निरनिराळ्या, पण रीत बहुतांशी एकच: ज्याची परीक्षा त्यालाच विचारायचे, तुझा पेपर किती टक्के झाला? कंपन्यांच्या बाबतीत याला वकिली भाषेची जोड मिळाली. खटल्याच्या भीतीने कोणी छातीठोकपणे काही सांगेना, म्हणून ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेला खास कायदा करून प्रामाणिक निवेदनांना संरक्षण द्यावे लागले. तरी पत्रांचे चक्र फिरतच राहिले. कारखाना बँकेला विचारी, बँक टेलिफोन कंपनीला, टेलिफोन कंपनी वीज कंपनीला आणि वीज कंपनी पुन्हा टेलिफोन कंपनीला. प्रत्येकाच्या फायलीत दुसऱ्याचे हमीपत्र लागले. त्या हमीमागचे यंत्र सहसा कोणी पाहिलेले नव्हते.

या पट्टीची मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसली ती वर्गातल्या हुशार विद्यार्थ्यापाशी. अमेरिकेत निवृत्तिवेतन देणाऱ्या सोशल सिक्युरिटी प्रशासनाला हा दोष १९८९ मध्येच सापडला होता. जादा दिलेल्या रकमेच्या वसुलीचे हप्ते २००० च्या पलीकडे जाऊ लागले आणि प्रोग्रॅम अडला. तेव्हापासून हे खाते कामाला लागले आणि हॉर्न यांच्या प्रगतिपुस्तकात वरच्या रांगेत राहिले. पण ऑक्टोबर १९९७ मध्ये जनरल अकाउंटिंग ऑफिस या संसदेच्या तपासणी संस्थेने एक गोष्ट दाखवून दिली. अपंगत्वाचे दावे ठरवणाऱ्या राज्यांच्या कार्यालयांतल्या संगणकयंत्रणा या खात्याने आपल्या मोजणीत धरल्याच नव्हत्या. म्हाताऱ्या माणसाचे निवृत्तिवेतन वेळेवर निघाले असते, पण अपंग माणसाचा दावा भलत्याच कचेरीत अडकून पडला असता. खात्याने सांगितलेली टक्केवारी खोटी नव्हती. ज्या शंभरातले ते टक्के, ते शंभरच अपुरे होते. खात्याने ही चूक सुधारली, राज्यांची कार्यालये हिशेबात घेतली, आणि डिसेंबर १९९८ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ते तयार असल्याचे जाहीर केले. या यशाचे श्रेय जितके दुरुस्त केलेल्या ओळींना, तितकेच बाहेरच्या माणसाने विचारलेल्या एका प्रश्नाला आहे: तुमच्या यादीत कोण नाही?

कागदावर न थांबता प्रत्यक्ष साखळी ओढून पाहणारेही होते. १९९९ च्या वसंतात वॉल स्ट्रीटवरच्या शेकडो संस्थांनी एकत्र येऊन कॅलेंडर पुढे ढकलले आणि खोटे व्यवहार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करून पाहिले. त्याच वर्षी जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या एका सांडपाणी केंद्रात वीज गेल्यावर काय होईल याची तालीम झाली. तालमीत वाहिनीचे एक दार बंदच राहिले आणि लाखो गॅलन मैला शेजारच्या उद्यानात पसरला. वर्तमानपत्रांनी थट्टा केली, पण माझ्या दृष्टीने त्या केंद्राचे मूल्यमापन स्टिकर मिरवणाऱ्या शंभर कार्यालयांहून खरे होते. ते दार कोणत्याही प्रश्नावलीत सापडले नसते.

मग ती रात्र आली. भाकितांप्रमाणे इटली आणि रशिया मागे पडलेले होते. अमेरिकेने रशिया, युक्रेन, बेलारूस आणि मोल्डोव्हा इथल्या वकिलातींतल्या कर्मचाऱ्यांना घरी परतायची मुभाही दिली होती. त्या देशांतले दिवे लागलेलेच राहिले. अडखळले ते तयार म्हणवणारे. अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांकडून येणारी माहिती जमिनीवरच्या केंद्रात काही तास वाचता येईना, आणि त्याचे मूळ वायटूकेसाठीच केलेल्या दुरुस्तीत निघाले. ब्रिटनमध्ये तर २८ डिसेंबरलाच हजारो दुकानांतली कार्ड घासायची यंत्रे बंद पडली, कारण ती चार कामाचे दिवस पुढचे पाहत आणि त्यांना चार दिवस आधीच २००० दिसले. दुकानदारांनी कागदी पावत्या काढून वेळ निभावली. दोन्ही ठिकाणी पैसा, माणसे आणि प्रमाणपत्रे यांची वाण नव्हती. म्हणजे तयारीचा तक्ता आणि घडलेल्या बिघाडांचा नकाशा एकमेकांवर बसत नव्हता.

या सगळ्यांत मला सर्वांत अस्वस्थ करते ते शेफील्डचे प्रकरण. तिथल्या नॉर्दर्न जनरल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गर्भवतींच्या रक्ततपासणीवरून बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता काढली जाई. हे गणित आईच्या वयावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, आणि जानेवारी २००० पासून संगणक ते वयच चुकीचे धरू लागला. पडदा काळा झाला नाही, घंटा वाजली नाही. व्यवस्थित छापलेले आणि दिसायला निर्दोष असे अहवाल रोज बाहेर पडत राहिले. मे महिन्यात चूक उघड झाली ती यंत्रामुळे नव्हे, तर आकडे विचित्र दिसतात हे एका आरोग्यसेविकेच्या नजरेत भरले म्हणून. तोवर दीडशेहून अधिक स्त्रियांना त्यांचा धोका कमी असल्याचे चुकीने सांगितले गेले होते, आणि त्यांपैकी चौघींच्या गर्भांत हा दोष होता. अवघा देश ज्या रात्रीकडे डोळे लावून होता, तिच्या नंतर जवळपास पाच महिने हा बिघाड शांतपणे चालू होता. बंद पडणारे यंत्र लगेच कळते. खोटे सांगणारे यंत्र कळायला शहाणा माणूस लागतो. तयारीच्या कोणत्या तक्त्यात त्या आरोग्यसेविकेसाठी रकाना होता?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. इटलीने उशिरा आणि कमी खर्च केला आणि काही बिघडले नाही. मग अमेरिकेचे सुमारे १०० अब्ज डॉलर पाण्यातच गेले ना? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. लिफ्ट, पंप, कारखान्यातली नियंत्रणे यांत बसवलेल्या चिप कोसळतील ही भीती अवास्तव ठरली, कारण त्यांतल्या बहुसंख्य चिपना वर्षाशी देणेघेणेच नव्हते. पण उशिरा निघालेल्यांना पुढच्यांनी मळलेली वाट मिळाली. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांची दुरुस्ती एकदा तयार झाली की ती सगळ्यांनाच उपलब्ध होती, आणि कुठे शोधायचे नाही हेही तोवर कळले होते. शिवाय जिथे कारभार संगणकावर कमी टेकलेला होता, तिथे तो पडण्याची शक्यताही कमी होती. इटलीचे उदाहरण दुरुस्ती निरर्थक होती हे दाखवत नाही. क्रमवारी लावणाऱ्यांनी खर्चालाच तयारी मानले, एवढे मात्र दाखवते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ढोबळ पट्टीसुद्धा नसती तर कोणी जागचे हललेच नसते. खरे आहे. हॉर्न यांच्या ‘डी’ आणि ‘एफ’नी कितीतरी अधिकाऱ्यांची झोप उडवली. नापास करणारी श्रेणी माणसाला कामाला लावते. घात करते ती पास करणारी, कारण ती मिळाली की प्रश्न थांबतात.

भारताची गोष्ट या संदर्भात वेगळीच होती. अंधेरीच्या सीप्झमध्ये, पुण्यात, चेन्नईत आणि बंगळुरात आपली मुले दुसऱ्यांच्या देशांतले कोबोल उलगडत बसली होती. अमेरिकेने १९९८ मध्ये एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० वर नेली, त्यामागे ही भूकही होती. घरच्या तयारीसाठी नियोजन आयोगाचे सदस्य माँटेकसिंग अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले गेले. बँका, शेअर बाजार आणि रेल्वे आरक्षण यांची यंत्रे तपासली गेली आणि ती रात्र सुरळीत पार पडली. पण श्रेय वाटताना एक भिडू विसरायला नको: बांधीव रजिस्टर. सरकारी बँकांनी आपला ७० टक्के व्यवसाय १ जानेवारी २००१ पूर्वी संगणकावर आणावा, असे केंद्रीय दक्षता आयोगाला सांगावे लागत होते, यावरूनच तेव्हा किती व्यवहार खतावणीत होता याची कल्पना येते. तलाठ्याचा सातबारा हाताचा, रेशन दुकानाची नोंद हाताची. या मागासलेपणाने आपल्याला वाचवले, आणि त्याला आपण तयारी समजलो.

ते कवच आता उरलेले नाही. हातचा सातबारा इतिहासजमा झाला आणि भाजीवालीचे गिऱ्हाईक क्यूआर कोडवर पैसे देते. हे चांगलेच झाले. रजिस्टरकडे परत चला असे म्हणण्यात अर्थ नाही. पण १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक आडवे केले, तेव्हा त्यांतले बहुतेक संगणक आपापल्या कार्यालयाच्या तक्त्यात ‘सुरक्षित’ म्हणूनच नोंदलेले असणार. रक्षणासाठी बसवलेल्या वस्तूनेच घात करावा, ही उपग्रहांची जुनी कथा पुन्हा घडली. त्या दिवशी हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांच्या हाती शाईने लिहिलेले बोर्डिंग पास पडले आणि त्यांची छायाचित्रे गंमत म्हणून देशभर फिरली. आता पुढची तारीखही ठरलेली आहे. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजत आलेले ३२ बिटांचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की भरून जाईल, आणि असे घड्याळ असलेली जुनी यंत्रे कुठेकुठे बसवली आहेत हा पुन्हा शोधाचाच प्रश्न असेल. तेव्हा मंत्रालयाला, बँकेला किंवा रुग्णालयाला किती टक्के काम झाले हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: तुमचे काम कोणाकोणाच्या यंत्रावर टेकले आहे, ती यादी तुमच्याबाहेरच्या कोणी तपासली आहे का, आणि यंत्र खोटे बोलू लागले तर ते ओळखणारा माणूस अजून नोकरीवर आहे का. हैदराबादचा तो पास हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो लिहायला कोरे कार्ड, पेन आणि प्रवाशांची नावे लागतात, आणि ती नावेसुद्धा बंद पडलेल्या संगणकातच अडकलेली असतील तर पेनाचा उपयोग नाही.