त्वचारोग आणि कर्मफळाचा प्रश्न

चरकसंहितेत कुष्ठाच्या, म्हणजे अनेक त्वचारोगांच्या एका मोठ्या गटाच्या, कारणांमध्ये विरुद्ध आहाराच्या जोडीला पापकर्मही सांगितले आहे, आणि सोरायसिसच्या रुग्णाकडे आजही ज्या संशयाने पाहिले जाते त्याचे एक मूळ या विचारात आहे. वास्तविक हा रोग संसर्गजन्य नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा बिघडल्याने त्वचेच्या पेशी महिन्याऐवजी काही दिवसांतच पृष्ठभागावर येतात आणि कोपर, गुडघे व डोक्याच्या त्वचेवर लालसर चट्टे उठून त्यांवर चंदेरी पापुद्रे साचतात. हा दाह त्वचेपुरता राहत नाही, रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो, आणि तीव्र सोरायसिस असणाऱ्यांत मधुमेह, स्थूलता व हृदयविकाराचा झटका यांचे प्रमाण अधिक आढळते. मात्र येथे पापाची जागा वजनाला देण्याचा मोह होतो व तो तितकाच अन्यायकारक आहे: स्थूलतेने रोग बळावतो हे खरे, पण आनुवंशिकता कोणी निवडलेली नसते. कर्मसिद्धान्त स्वतःच्या पुढील कृतीपुरताच नैतिक मार्गदर्शक मानता येतो. दुसऱ्याच्या त्वचेवरून त्याचा भूतकाळ ठरवण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही, आणि रुग्णाचा रक्तदाब, रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल वेळेवर तपासण्याच्या वैद्याच्या कर्तव्यातूनही सुटका होत नाही.